पत कशी कमवावी, कशी घालवावी : ह्युंदाईची गोष्ट



मांजरसुंब्याच्या फाट्यावर दहा मिनिटं उभं राहिलात तर अर्ध्या महाराष्ट्राच्या पासिंगच्या गाड्या बघायला मिळतील. सोलापूर-धुळे राष्ट्रीय महामार्गावरचं हे आमचं गाव. एक रस्ता घाट उतरून बीडला जातो, एक धाराशिव-सोलापूरला, एक केज-अंबाजोगाईला आणि एक पाटोद्याकडे. आमच्या मामांचं गॅरेज याच फाट्याजवळ आहे. गॅरेज म्हणजे काय, तर पत्र्याचं शेड, गाडीखाली उतरायला खणलेला खड्डा, हवेची टाकी आणि सावलीला एक लिंब. पण जुनी गाडी घ्यायची असली की पंचक्रोशीतला माणूस आधी मामांकडे येतो. मास्तर असो, मुकादम असो की काळी-पिवळीवाला असो. मामा "घ्या" म्हणाले तर घेतो, नाही म्हणाले तर इसार बुडाला तरी चालेल, पण सोडतो.

मामांची तपासायची पद्धत बघण्यासारखी असते. आधी डिपस्टिक काढतात. तेलाचा थेंब बोटावर घेऊन अंगठ्याने चोळतात आणि उन्हात धरतात. म्हणतात, "तेल काळं असलं तर चालतंय. पर तेलात चकाकी दिसली, की निघायचं." चकाकी म्हणजे धातूचा कीस. आतलं काहीतरी आतल्याला खातंय, याचा पुरावा.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत एक मास्तर जुनी सँट्रो घेऊन आले. तेल चोळून झालं, गाडी घाटात एक फेरी मारून आली आणि मामा म्हणाले, "घ्या." मी तेव्हा मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाचा रुबाब दाखवत विचारलं, "मामा, ह्युंदाई कंपनी चांगली आहे का हो?" मामांनी पान्हा पुसता पुसता उत्तर दिलं, "कंपनीचं मला इचारू नको. ही गाडी चांगली हाय. आरं, गाडीचं नाव शोरूममधी होत नसतंय, ते गॅरेजमधी होतंय."

हे वाक्य डोक्यात ठेवून मी ह्युंदाईचा इतिहास वाचायला घेतला. वाचता वाचता लक्षात आलं की या एका कंपनीचं नाव तीन वेळा घडलं-बिघडलं आणि तिन्ही वेळा कारण जाहिरात नव्हतं. तर ऐका.

गायीचे पैसे घेऊन पळालेला मुलगा

ह्युंदाई या कोरियन शब्दाचा अर्थ 'आधुनिक'. पण सुरुवात झाली ती अगदी आपल्यासारख्याच शेतकऱ्याच्या घरात. चुंग जू-युंग यांचा जन्म १९१५ चा, आज उत्तर कोरियात असलेल्या एका खेड्यातला. भावंडांत थोरले, म्हणजे शेती त्यांनीच बघायची हे ठरलेलंच. पण या पोराचं मन शेतीत रमेना. घरातून तीन-चारदा पळाला. एकदा तर वडिलांनी गाय विकून आणलेले पैसे घेऊन सोलला पळाला. वडिलांनी शोधून परत आणलं, तर पुन्हा पळाला! शेवटी तांदळाच्या दुकानात सायकलवरून पोती पोचवायचं काम मिळालं आणि पुढे मालकाने ते दुकानच त्यांच्या हवाली केलं.

जपानी राजवटीने रेशनिंग आणलं आणि तांदळाचा धंदा बसला. १९४० मध्ये चुंग यांनी कर्ज काढून मोटार दुरुस्तीचं गॅरेज घेतलं. थोड्याच दिवसांत गॅरेजला आग लागली आणि गिऱ्हाइकांच्या गाड्यांसकट सगळं जळालं. आता काय? ज्याने पहिलं कर्ज दिलं होतं त्याच्याकडेच चुंग पुन्हा गेले आणि त्याने पुन्हा कर्ज दिलं. बघा, कारखाना नव्हता, जमीन नव्हती. एकच भांडवल होतं, ते म्हणजे 'हा माणूस पैसे बुडवणार नाही' हा विश्वास. आपल्याकडे याला पत म्हणतात. वाण्याच्या वहीतली असो की बँकेतली, पत म्हणजे आपण समोर नसतानाही आपल्यावर ठेवलेला विश्वास.

युद्धानंतर १९४६ मध्ये गॅरेजला ह्युंदाई हे नाव मिळालं, १९४७ मध्ये बांधकाम कंपनी निघाली. सोल ते बुसान हा चारशे किलोमीटरहून मोठा द्रुतगती मार्ग १९६८ ते १९७० या काळात बांधला गेला, त्यात ह्युंदाईचा मोठा वाटा होता. नुसता रस्ता बांधून भागत नाही, त्यावर धावायला गाड्याही हव्यात. डिसेंबर १९६७ मध्ये ह्युंदाई मोटर कंपनी सुरू झाली.

(जाता जाता एक. १९९८ मध्ये ऐंशी पार केलेले चुंग सीमा ओलांडून उत्तर कोरियात गेले. आधी ५०० आणि नंतर ५०१, अशी एकूण १००१ जनावरं त्यांनी तिकडे भेट म्हणून नेली. एका गायीचं कर्ज व्याजासकट फेडलं म्हणायचं!)

जुळवणीपासून स्वतःच्या इंजिनापर्यंत

सुरुवातीला ह्युंदाई उल्सान इथे फोर्डची कॉर्टिना जुळवत असे. सुटे भाग बाहेरचे, डिझाइन बाहेरचं, फक्त हात कोरियन. पुढे फोर्डबरोबर भागीदारीची बोलणी फिसकटली, तेव्हा चुंग यांनी ठरवलं की आपली गाडी आपण करायची. पण येतंय कुणाला? मग जिथे जे चांगलं मिळेल ते घेतलं. व्यवस्थापक म्हणून ब्रिटिश लेलँडमधून आलेले जॉर्ज टर्नबुल, आकार इटलीच्या जॉर्जेत्तो जुजारो यांचा, इंजिन जपानच्या मित्सुबिशीचं. १९७४ मध्ये तुरीनच्या प्रदर्शनात 'पोनी' दिसली आणि १९७५ च्या अखेरीस तिचं उत्पादन सुरू झालं. १९७६ मध्ये ती इक्वेडोरला निर्यातही झाली.

उसनवारी करायला हरकत नाही, पण उसनं घेतलेलं शिकून परत करता आलं पाहिजे. पोनी आल्यानंतर साधारण पंधरा वर्षांनी, १९९१ मध्ये, ह्युंदाईने 'अल्फा' हे स्वतः डिझाइन केलेलं इंजिन आणलं. आपण कॉलेजात रिव्हर्स इंजिनिअरिंग म्हणतो ना, ते खरं कसं करायचं हे इथे दिसतं. उघडून बघायचं, मोजायचं, फसायचं, पुन्हा करायचं. नुसती झेरॉक्स काढून सबमिशन होतं, इंजिन होत नाही!

हसू झालं ते दिवस

आता पहिली ठेच. १९८६ मध्ये ह्युंदाईने अमेरिकेत 'एक्सेल' उतरवली. किंमत फक्त ४,९९५ डॉलर. पहिल्याच वर्षी सुमारे १ लाख ६९ हजार गाड्या विकल्या गेल्या, पुढच्या वर्षी अडीच लाखांच्या वर. कोरियात पेढे वाटायचे दिवस!

पण दोन-तीन वर्षं झाली आणि गाड्या गॅरेजात दिसू लागल्या. भाग झिजत, रंग उडत, आणि जुनी गाडी विकायला गेलं तर कुणी भाव विचारेना. टीव्हीवरच्या कार्यक्रमांत ह्युंदाईवर विनोद होऊ लागले. १९९८ पर्यंत अमेरिकेतली वर्षाची विक्री ९० हजारांच्या आसपास घसरली.

स्वस्त असणं हा दोष नव्हता. दोष हा होता की किंमत ज्या दिवशी ठरली त्या दिवसापुरताच विचार झाला होता. गिऱ्हाईक गाडी एक दिवस घेतं आणि दहा वर्षं वापरतं. पहिल्या दिवसाचं नाव शोरूममध्ये झालं आणि उरलेल्या दहा वर्षांचं गॅरेजमध्ये. मामांचं वाक्य इथे अमेरिकेत जाऊन खरं ठरलं की हो!

दहा वर्षांचा शब्द

१९९८ च्या सुमारास कंपनीची सूत्रं चुंग यांचे पुत्र चुंग माँग-कू यांच्याकडे आली. त्यांनी आधी बरीच वर्षं ह्युंदाईच्या विक्रीनंतरच्या सेवेची कंपनी सांभाळली होती. म्हणजे कोणत्या गाडीचं काय बिघडतं हे तक्रारींतून शिकलेला माणूस. अमेरिकेत त्यांच्या काळात एक घोषणा झाली. इंजिन आणि गिअरबॉक्सला १० वर्षं किंवा १ लाख मैलांची, म्हणजे जवळपास १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी. ही वॉरंटी पहिल्या मालकाला होती. त्या काळी तीन ते पाच वर्षांची वॉरंटी म्हणजे भरपूर समजत. लोकांना वाटलं, कंपनी बुडायला निघाली.

मित्रांनो, यातलं इंजिनिअरिंग समजून घ्या. वॉरंटी नसेल तर बेअरिंग तिसऱ्या वर्षी गेलं तर खर्च कुणाचा? गिऱ्हाइकाचा. मग कारखान्यात तपासणीवर पैसा कशाला घालवायचा? पण दहा वर्षांची वॉरंटी दिली की तोच खर्च कारखान्याच्या वहीत येऊन पडतो. मग दहा रुपये वाचवण्यासाठी हलकी सील वापरणं परवडत नाही, कारण पुढे हजार रुपये भरावे लागणार असतात. गुणवत्ता विभागाच्या माणसाने "ही बॅच थांबवा" म्हटलं तर उत्पादन विभागाला ऐकावं लागतं. म्हणजे बाहेर दिलेला शब्द आतली शिस्त बनतो. आपण टोटल क्वालिटी मॅनेजमेंटची व्याख्या पाठ करतो, तिचं प्रॅक्टिकल हे असं.

फळ मिळायला वेळ लागला. २००४ मध्ये जे. डी. पॉवरच्या नव्या गाड्यांच्या गुणवत्तेच्या पाहणीत कंपन्यांच्या यादीत ह्युंदाई होंडाच्या बरोबरीने दुसऱ्या क्रमांकावर आली. पुढे फक्त टोयोटा. ज्यांनी विनोद केले होते त्यांनाच आता लेख लिहावे लागले.

सँट्रो, मॅटिझ आणि आपण

भारतात ह्युंदाई १९९६ मध्ये आली आणि चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूर भागात कारखाना उभा राहिला. २३ सप्टेंबर १९९८ ला सँट्रो आली. तोपर्यंत छोटी गाडी म्हणजे मारुती, असं समीकरण होतं. ह्युंदाई हे नाव इथे कुणी ऐकलेलं नव्हतं, म्हणून शाहरुख खानच्या तोंडून नावाचा उच्चार शिकवावा लागला. उंच छताच्या गाडीला लोक आधी हसले, पण आत बसल्यावर फेटेवाल्या आजोबांचाही फेटा छताला लागेना!

तांत्रिकदृष्ट्या महत्त्वाचं म्हणजे सँट्रोत मल्टिपॉइंट फ्युएल इंजेक्शन होतं. मारुती ८०० त्या वेळी कार्ब्युरेटरवर चालायची. कार्ब्युरेटरमध्ये हवेच्या ओढीने पेट्रोल खेचलं जातं, त्यामुळे थंडीत चोक ओढा, घाटात चढताना कमी-जास्त करा, असं चालायचं. इंजेक्शनमध्ये सेन्सर हवा आणि तापमान मोजतात आणि प्रत्येक सिलिंडरजवळचा इंजेक्टर नेमकं तेवढंच पेट्रोल सोडतो. त्यामुळे धूरही कमी. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरासाठी युरो प्रदूषण नियमांची मुदत अलीकडे आणली, तेव्हा असं तंत्र आधीच असलेल्या गाड्यांचा फायदा झाला. पुढे अनेक वर्षं ह्युंदाई भारतात मारुतीच्या पाठोपाठ दुसऱ्या क्रमांकावर राहिली.

पण त्याच १९९८ साली दुसरी एक कोरियन गाडी आली होती. डेवूची मॅटिझ. गोल डोळ्यांची, चालवायला छान, इंजेक्शन तिलाही होतं. मग ती कुठे गेली? डेवू समूहाने जगभर कर्जावर कर्ज काढलं होतं आणि १९९९ मध्ये तो डोलारा कोसळला. २००२ मध्ये जनरल मोटर्सने डेवूच्या मोटार व्यवसायाचा बराच भाग घेतला, पण भारतातला कारखाना त्यात नव्हता. मॅटिझवाले सुट्या भागांसाठी वणवण फिरले. मामा म्हणतात, "मॅटिझ वाईट नव्हती रे. लेकरू गुणी होतं, बाप दिवाळखोर निघाला." गाडीचं नाव गॅरेजमध्ये होतं हे खरं, पण गॅरेजला भाग पुरवणारा मागे उभा पाहिजे, हेही तितकंच खरं.

तेलातली चकाकी

इथे लेख संपला असता तर सुविचार झाला असता. पण नाव कमावलं म्हणजे ते कायमचं आपलं, असं नसतं. ह्युंदाईच्या नावाला दुसऱ्यांदा तडा गेला तो नाव शिखरावर असताना.

२०१२ मध्ये ह्युंदाई आणि तिच्याच समूहातल्या किआला कबूल करावं लागलं, की अमेरिकेत सुमारे ९ लाख गाड्यांचं मायलेज फुगवून सांगितलं होतं. २०१४ मध्ये १० कोटी डॉलरचा दंड झाला. त्याच २०१४ च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅपने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच छोट्या गाड्यांची टक्कर-चाचणी घेतली. ह्युंदाईची आय-१० त्यात होती आणि प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेत पाचही गाड्यांना एकसुद्धा तारा मिळाला नाही. त्या गाड्यांत एअरबॅग नव्हत्या. (२०२३ मध्ये वेर्नाला पाच तारे मिळाले, हेही सांगायला हवं.)

आणि सगळ्यात मोठं प्रकरण थीटा-२ इंजिनाचं. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत सुमारे ४ लाख ७० हजार सोनाटा गाड्या परत बोलावल्या गेल्या. कारण वाचून मी पुस्तक मिटून बसलो. क्रँकशाफ्टमध्ये तेलासाठी छिद्रं पाडतात. ती पाडताना निघालेला धातूचा कीस नीट साफ झाला नव्हता. तो तेलाच्या वाटेत अडकतो, कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगला तेल पोचत नाही, बेअरिंग खाल्लं जातं, आधी ठकठक आवाज आणि मग चालत्या गाडीत इंजिन जाम.

तेलातली चकाकी! आमचे मामा लिंबाखाली बोटाने जे शोधतात, तेच.

पण दोष राहून जाणं हा एक भाग, तो झाकणं हा दुसरा. किम ग्वांग-हो नावाचे इंजिनिअर ह्युंदाईत पंचवीसहून अधिक वर्षं काम करत होते. सुरक्षेच्या दोषांबाबत कंपनी पुरेशी पावलं उचलत नाही, असं त्यांना कागदपत्रांत दिसलं. आत सांगून उपयोग होईना, तेव्हा २०१६ मध्ये ते थेट अमेरिकेच्या वाहन सुरक्षा खात्याकडे गेले. कंपनीने त्यांना कामावरून काढलं. पुढे गाड्या परत बोलावण्याची व्याप्ती वाढली, २०२० मध्ये ह्युंदाई आणि किआ यांच्यावर मिळून २१ कोटी डॉलरची कारवाई झाली, आणि २०२१ मध्ये त्याच अमेरिकी खात्याने किम यांना २ कोटी ४० लाख डॉलरहून जास्त बक्षीस दिलं.

बक्षिसाचा आकडा सोडून द्या. मधल्या पाच वर्षांचा विचार करा. नोकरी गेलेली आणि पन्नाशी उलटलेली.

माझा तक्ता

आता एक कबुली. मागच्या उन्हाळ्यात मी एका छोट्या कारखान्यात इनप्लांट ट्रेनिंगला होतो. नाव सांगत नाही. शाफ्टचा व्यास दर तासाला मायक्रोमीटरने मोजून तक्त्यात भरायचा, एवढंच काम. एका दुपारी लाइनवर घाई होती. सुपरवायझर म्हणाले, "मोजत काय बसतोस? मागचे आकडे बघून भर. सगळे बरोबरच असतात." मी भरले. सात ओळी. एकही शाफ्ट हातात न धरता. सही केली आणि चहाला गेलो.

काही झालं नाही. कुणी विचारलं नाही. माझ्या प्रमाणपत्रावर 'समाधानकारक' असा शेराही आला. पण थीटा-२ चं वाचलं त्या रात्री मला ते सात शाफ्ट आठवले. ते कुठल्या गाडीत बसले असतील? ती गाडी आमचा घाट चढत असेल का? मामांना हे सांगितलं तेव्हा ते रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "मी तेल न चोळता घ्या म्हणलो असतो, तर मास्तरांनी माझ्या शब्दावर गाडी घेतलीच असती बघ." मला मान वर करवेना.

तळेगावचं फाटक

हे सगळं आता आपल्या दारात आलं आहे. तळेगावला २००८ मध्ये जनरल मोटर्सचा कारखाना सुरू झाला. तिथे शेवरोलेची स्पार्क बनायची, म्हणजे त्याच डेवू मॅटिझची पुढची पिढी. २०१७ अखेर कंपनीने भारतातली विक्री थांबवली, डिसेंबर २०२० मध्ये तळेगावचं उत्पादन बंद झालं. हजाराहून जास्त कामगारांचा रोजगार गेला आणि त्यांच्या संघटनेला न्यायालयाची पायरी चढावी लागली. ऑगस्ट २०२३ मध्ये ह्युंदाईने हा कारखाना घेण्याचा करार केला, जानेवारी २०२४ मध्ये ताबा पूर्ण झाला आणि २०२५ मध्ये तिथून ह्युंदाईच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. २०२८ पर्यंत वर्षाला अडीच लाख गाड्यांची क्षमता करायचं ठरलं आहे. दरम्यान ऑक्टोबर २०२४ मध्ये कंपनीचा २७,८७० कोटींचा शेअर बाजारातला इश्यू आला, तो तोपर्यंतचा देशातला सर्वांत मोठा.

आपल्या जिल्ह्यातून कोयता घेऊन जाणाऱ्यांच्या टोळ्या आजही निघतात, आणि आयटीआय-डिप्लोमा झालेली पोरं चाकण-तळेगावची गाडी पकडतात. आपल्यातले काही जण उद्या त्या फाटकातून आत जातील. कुणी लाइनवर, कुणी क्वालिटीत, कुणी एखाद्या पुरवठादाराकडे. मुलाखतीत विचारतील, "कंपनीबद्दल काय माहिती आहे?" तेव्हा १९६७, पोनी, सँट्रो हे सगळं सांगा, मार्क मिळतील. पण एक गोष्ट स्वतःसाठी ठेवा. ह्युंदाईला नाव कर्ज देणाऱ्या एका माणसाच्या विश्वासाने मिळालं, घाईने गेलं, दिलेल्या शब्दाने परत आलं आणि झाकाझाकीने पुन्हा डागाळलं. यातली प्रत्येक गोष्ट कुणीतरी आपल्यासारख्याच माणसाने, हातातल्या कागदावर सही करताना ठरवली होती.

या सुट्टीत मी पुन्हा ट्रेनिंगला जाणार आहे. घाई असेलच. पण तक्त्यात आकडा भरायचा तो शाफ्ट हातात घेऊनच, एवढं मामांना कबूल करून आलोय. तुम्हीही एकदा स्वतःला विचारून बघा, आपला मागचा जर्नलचा रीडिंग कॉलम खरंच मोजून भरला होता का?

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी